परदेशातला पहिला हिवाळा: रेडिएटरचा वायरलेस थर्मोस्टॅट चालेनासा झाला तर

नोव्हेंबर लागला की ब्रिटनमधल्या स्विंडनला असलेल्या भाच्याचा, जर्मनीत शिकायला गेलेल्या शेजारच्या मुलीचा फोन येतो. तक्रार बहुतेक एकच असते. 'मामा, खोली तापतच नाही. स्क्रीनवर २२ दिसतंय आणि रेडिएटर थंडगार.' डिचोली, फोंडा, पेडण्यातून गेलेल्या मुलांनी गरम पाण्याने खोली तापवणारा रेडिएटर कधी पाहिलेलाच नसतो. पणजीत जानेवारीतल्या पहाटेसुद्धा पारा २० अंशांच्या आसपासच असतो. घर तापवायची वेळ आपल्यावर येते कुठे? त्यामुळे बिघाड नेमका कुठे शोधायचा हे कळत नाही, आणि थंडीत कुडकुडत मुलं तासन् तास मोबाईलवरच्या अ‍ॅपशी झटत बसतात. तिकडच्या इमारतींच्या देखभालीचं काम मी केलेलं आहे. त्यातून माझं पक्कं मत झालंय की अ‍ॅप सगळ्यात शेवटी बघायचं. आधी पाणी, मग पिन, मग सेल. एवढ्यात बहुतेक तक्रारी सुटतात.

आधी यंत्रणा समजून घ्या

पाणी तापवतो तो बॉयलर. तो घरात असेल, इमारतीच्या तळघरात असेल, नाहीतर साऱ्या वस्तीला मिळून एकच असेल. पंप ते गरम पाणी पाइपांतून रेडिएटरमध्ये फिरवतो. पाइप रेडिएटरला जिथे मिळतो तिथे पितळी व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या तोंडातून एक बारीक पिन बाहेर आलेली असते. आतली स्प्रिंग ती पिन सतत बाहेर ढकलत असते. पिन बाहेर म्हणजे व्हॉल्व्ह उघडा, पिन आत दाबलेली म्हणजे व्हॉल्व्ह बंद.

या व्हॉल्व्हवर बसवलेली जाडसर डबी म्हणजे थर्मोस्टॅटचं हेड. १ ते ५ आकड्यांच्या जुन्या हेडमध्ये मेणाची किंवा द्रवाची कुपी असते; खोली तापली की ती फुगते आणि पिन दाबते. त्यात ३ म्हणजे साधारण २० अंश. नव्या वायरलेस हेडमध्ये कुपीऐवजी छोटी मोटर, गिअर, तापमान मोजणारा सेन्सर, रेडिओ आणि बहुधा दोन एए सेल असतात. म्हणजे हे हेड स्वतः काहीच तापवत नाही. ते नळ उघडणारा आणि बंद करणारा हात आहे, एवढंच.

यातून आणखी एक गोष्ट कळते. २१ हवे असताना २८ लावल्याने खोली लवकर तापत नाही. खोली १५ अंशांवर असेल तर व्हॉल्व्ह २१ लावूनही पूर्ण उघडतोच. २८ लावल्याने तो पुढे बंद व्हायचा राहतो आणि बिल वाढतं. एसी लावल्याबरोबर वारा अंगावर येतो, तशी अपेक्षा इथे ठेवू नका. थंड खोलीतल्या भिंतीसुद्धा तापाव्या लागतात, त्याला तासभर सहज लागतो.

पायरी १: गरम पाणी येतंय का?

घरातले बाकीचे रेडिएटर हात लावून बघा. सगळेच गार असतील तर तुमच्या खोलीतल्या हेडचा काही दोष नाही. ब्रिटनमधल्या घरात बॉयलरच्या पडद्यावर काही चूक दाखवतोय का आणि दाबाचा काटा कुठे आहे ते बघा. यंत्रणा थंड असताना तो साधारण १ ते १.५ बारच्या मध्ये असावा. तिकडच्या बऱ्याच घरांत हॉलमध्ये आणखी एक थर्मोस्टॅट भिंतीवर असतो. हॉल पुरेसा तापला की तो बॉयलरच बंद करतो, मग वरच्या खोलीतलं हेड कितीही उघडून ठेवा, उपयोग नाही. याच कारणामुळे भिंतीवरचा थर्मोस्टॅट ज्या खोलीत असतो तिथल्या रेडिएटरवर सहसा असं हेड बसवत नाहीत. दोघं एकमेकांच्या कामात आड येतात.

जर्मनीतल्या भाड्याच्या घरांत १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हा हीटिंगचा काळ धरण्याची रीत आहे, आणि रात्री बॉयलर मुद्दाम कमी तापमानावर चालवतात. रात्री साडेअकराला रेडिएटर कोमट लागला तर सकाळपर्यंत थांबून बघा.

बाकीचे रेडिएटर गरम आणि तुमचाच गार असेल, तर पुढे चला. व्हॉल्व्हकडे येणारा पाइप थंड लागला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. व्हॉल्व्ह बरेच तास बंद असला की त्याच्या अलीकडचं पाणी साचून पाइपही गार होतो. पाइपला हात लावताना उलट्या हाताने, क्षणभरच लावा. पाणी ६०-७० अंशांचं असू शकतं.

रेडिएटर खाली गरम आणि वर थंड असेल तर आत हवा अडकलेली आहे. वरच्या कोपऱ्यात छोटा चौकोनी खिळ्यासारखा स्क्रू असतो. हीटिंग बंद करून रेडिएटर निवला की त्या स्क्रूला छोटी किल्ली लावून हलकेच फिरवा, खाली फडकं धरा, फुस्स आवाज थांबून पाणी आलं की बंद करा. नंतर बॉयलरचा दाब पुन्हा बघायचा, कारण तो उतरतो. उलट वर गरम आणि खाली थंड असेल तर तळाशी गाळ बसलाय. ते प्लंबरचं काम.

पायरी २: हेड काढा, पिन बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक हीच टाळतात. भीती वाटते की हेड काढलं तर पाणी उडेल. उडत नाही. व्हॉल्व्हचं शरीर वेगळं आणि हेड वेगळं. हेड नुसतं वरून आवळलेलं असतं.

काढण्याआधी हेड पूर्ण उघडं करा. बहुतेकांवर 'ऑन' किंवा सर्वांत वरचं तापमान लावलं की मोटर मागे येते. मोटर पिनेला दाबून असताना आट्यांवर ताण असतो आणि रिंग फिरता फिरत नाही. मोटरचा आवाज थांबला की हेडच्या मुळाशी असलेली मोठी रिंग डावीकडे फिरवून सोडवा. तेवढीच. पिनेभोवतीचा छोटा नट आणि पाइपाकडचा मोठा नट यांना पान्हा लावायचा नाही.

हेड निघालं की पितळी तोंडातून काही मिलिमीटर बाहेर आलेली पिन दिसेल. लाकडाचा चपटा तुकडा किंवा चमच्याची पाठ तिच्यावर ठेवून सरळ आत दाबा. स्प्रिंग चांगली कडक असते, नुसत्या अंगठ्याने दाबायला गेलात तर पिन रुतते. पिन दोन-चार मिलिमीटर आत जायला हवी आणि सोडल्याबरोबर टपकन बाहेर यायला हवी. ती हळूहळू सरकत आली, अर्ध्यावर थांबली किंवा जागची हललीच नाही, तर तुमची खोली थंड का हे कळलंच म्हणून समजा. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद राहिला की पिन क्षाराने धरते. हे टाळायला पुष्कळ हेड आठवड्यातून एकदा व्हॉल्व्ह आपोआप उघडबंद करतात. शांत रात्री अचानक घरघर ऐकू आली तर घाबरू नका. पण उन्हाळ्यात सेल काढून ठेवले असतील तर तो व्यायाम झालेलाच नसतो.

अडकलेली पिन सोडवायला घाई नको. पान्ह्याच्या दांड्याने व्हॉल्व्हच्या पितळी बाजूवर हलके ठोके द्या, पिन दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पिनेच्या मुळाशी सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब सोडा, थोडा वेळ जाऊ द्या आणि पुन्हा दाबून बघा. पंधरा-वीस वेळा झाल्यावर बऱ्याच पिना मोकळ्या होतात. पक्कड लावून मात्र पिन ओढायची नाही. काही व्हॉल्व्हमध्ये ती हातात येते, मागोमाग दाबाखालचं गरम पाणी येतं आणि घरभर कार्पेट असतो.

आता हेड बाजूलाच ठेवा आणि अर्धा तास थांबा. पिन पूर्ण बाहेर आहे, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे. रेडिएटर तापला तर पाणी आणि व्हॉल्व्ह ठीक, दोष हेडमध्ये. तापला नाही तर हेड नवं आणूनही काही होणार नाही. मग रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा टोपीखालचा व्हॉल्व्ह बंद असेल किंवा आतली चकती चिकटून राहिली असेल, घरमालकाला कळवा. एका पैशाचा खर्च नसलेली ही चाचणी केल्याशिवाय कोणीही नवं हेड मागवू नये, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगतो.

तक्रार उलटी असेल, म्हणजे हेडवर ५ अंश लावूनही रेडिएटर रात्रंदिवस भाजत असेल, तर उलटी परीक्षा. पिन दाबल्यावर कडकपणे आत जाते आणि नीट परत येते, तर हेड तिला शेवटपर्यंत दाबत नाहीये. हेड सैल बसलंय किंवा मधला अ‍ॅडाप्टर चुकीचा आहे.

पायरी ३: सेल

स्क्रीन चालू आहे म्हणजे सेल चांगले आहेत, हा समज आधी काढून टाका. स्क्रीनला आणि सेन्सरला नगण्य वीज लागते. मोटरला स्प्रिंगविरुद्ध पिन दाबायची असते. त्या क्षणी ती एकदम जास्त वीज ओढते आणि थकलेल्या सेलचा व्होल्टेज कोसळतो. लक्षण कानाला कळतं. हेडला कान लावून तापमान खालीवर करा. मोटर जोरात सुरू होऊन आवाज जड होत होत मध्येच थांबला, तर पहिला संशय सेलवर.

अल्कलाइन सेल नवे, एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले घाला. अल्कलाइनचा व्होल्टेज १.५ असतो, चार्ज होणाऱ्या निकेलच्या सेलचा १.२. दोन सेलमध्ये हा फरक ०.६ व्होल्टचा होतो, आणि बरीच हेड त्यावर 'सेल संपले' अशी कुरकुर करतात. लिथियमचे सेल माहितीपुस्तकात परवानगी असेल तरच. घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये आपण वापरतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल इथे कामाचे नाहीत. घड्याळ त्यावर वर्षभर चालतं, मोटर चालत नाही.

गोव्याहून बॅगेतून नेलेले सेल असतील तर त्यांची टोकं नीट बघा. पावसाळाभर खणात पडून राहिलेल्या सेलच्या टोकाला कधी कधी पांढरी, खरखरीत पूड धरलेली दिसते. सेल गळल्याची ती खूण. तसे सेल टाकून द्या. हेडच्या आतल्या पत्र्यावरही अशी पूड दिसली तर हातमोजे घालून कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा आणि तेवढीच जागा पुसा. अल्कलाइनमधून गळतं ते अल्कली, म्हणून आंबट पदार्थाने ते निघतं. मग ओलसर काडीने पुन्हा पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. स्प्रिंगचं टोक हिरवं-काळं पडलं असेल तर बारीक पॉलिश कागदाने हलकं घासा.

सेल बदलताना जुने काढल्यावर लगेच नवे घालू नका. एखादं बटण दाबा आणि दोन मिनिटं थांबा. आत साठलेली वीज उतरते आणि हेड नव्याने सुरू होतं. एवढ्याने कितीतरी हेड शुद्धीवर येतात.

सेल अगदी संपत आले की काही हेड व्हॉल्व्ह मुद्दाम थोडा उघडा ठेवतात, म्हणजे पाइपातलं पाणी गोठू नये. त्यामुळे खोली एकाएकी नको तेवढी गरम झाली तरीही सेल तपासा.

पायरी ४: पुन्हा बसवणं

युरोपातल्या बहुतेक व्हॉल्व्हचे आटे एम ३० गुणिले १.५ मापाचे असतात. डॅनफॉसच्या बऱ्याच जुन्या-नव्या व्हॉल्व्हना मात्र वेगळी बैठक असते आणि मध्ये अ‍ॅडाप्टर लागतो. तो बहुधा हेडच्या खोक्यातच असतो, म्हणून खोका टाकू नका. रिंग हाताने आवळा, पक्कड नको. प्लास्टिकची रिंग तडकते.

बसवल्यावर हेडला पिनेची लांबी ओळखू द्यावी लागते. ते सेटिंग सुरू केलं की मोटर पुढे जाते, पिन शेवटपर्यंत दाबते, मागे येते आणि ते अंतर लक्षात ठेवते. हेड हातात असतानाच हे सुरू केलं तर पिन सापडत नाही आणि स्क्रीनवर चूक दाखवणारा संकेत येतो. नवख्यांच्या बऱ्याच तक्रारी हा क्रम चुकल्याने येतात: सेल घालायचे, मोटर मागे जाऊ द्यायची, हेड आवळायचं आणि मगच ओळख सुरू करायची. संकेतांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे, तेव्हा ते माहितीपुस्तकातच बघा.

पायरी ५: सेन्सर फसतोय का?

सगळं ठीक आहे, स्क्रीनवर २२ आहे आणि तुम्ही दोन स्वेटर घालून बसला आहात. हेडमधला सेन्सर रेडिएटरला चिकटून असतो, त्याला खोलीची नव्हे तर त्या कोपऱ्याची हवा लागते. वरून जाड पडदा आला, समोर सोफा सरकवला, सजावटीचं जाळीदार कपाट घातलं की तिथली गरम हवा अडते. हेडला वाटतं खोली तापली, आणि ते व्हॉल्व्ह बंद करतं. आपल्या मुलांची खास सवय म्हणजे ओले कपडे रेडिएटरवर वाळत घालणं. पावसात दिवसदिवस कपडे न वाळलेल्या घरातून आल्यावर गरम लोखंड बघून मोह होतोच. पण कपड्यांनी हेड झाकलं की हिशेब चुकतो, आणि त्यांची वाफ थंड भिंतीवर बसून बुरशी धरते. कपडे वेगळ्या स्टँडवर घाला आणि खिडकी अधूनमधून उघडा.

साधा थर्मामीटर घ्या, तुम्ही बसता तिथे छातीच्या उंचीवर ठेवा आणि तासाभराने दोन्ही आकडे जुळवा. फरक कायम २-३ अंशांचा असेल तर सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्ती करायची सोय असते. फरक सारखा बदलत असेल तर दुरुस्तीचा उपयोग नाही. भिंतीवर लावायचा वेगळा वायरलेस सेन्सर घ्या.

खिडकीचंही बघा. तापमान एकदम उतरलं की हेड समजतं खिडकी उघडली, आणि काही काळ व्हॉल्व्ह बंद करून बसतं. खिडकी थोडीशी उघडी ठेवून झोपायची आपल्याकडची सवय तिथे चालत नाही. पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडा, हवा बदला, बंद करा. हेड आपणहून कामाला लागेल.

पायरी ६: आता रेडिओ

हेडवरची चकती हाताने फिरवल्यावर मोटर फिरते, पण अ‍ॅपमधून काही होत नाही? तरच दोष रेडिओत शोधायचा.

सेल वाचावेत म्हणून हेड बहुतेक वेळ झोपलेलं असतं आणि ठरावीक अंतराने जागं होऊन हबला, म्हणजे अ‍ॅपचा निरोप हेडपर्यंत पोचवणाऱ्या डबीला, विचारतं. त्यामुळे अ‍ॅपमधला बदल पोचायला काही मिनिटं लागू शकतात. उतावीळपणे वीस वेळा बटण दाबलंत तर उलटाच परिणाम होतो. युरोपात यातली बरीच यंत्रं ८६८ मेगाहर्ट्झवर चालतात. त्या पट्ट्यात एका यंत्राने तासातल्या किती वेळ बोलायचं यावर कायद्याची मर्यादा आहे, पुष्कळ ठिकाणी ती एक टक्का, म्हणजे ३६ सेकंद. कोटा संपला की हब गप्प बसतो. तासभर हात लावू नका.

झिगबी या रेडिओ पद्धतीची हेड २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्याच शेजारी चालतात. हब राउटरला चिकटून ठेवू नका, मीटरभर तरी लांब न्या. हेड आणि हब यांच्या मध्ये रेडिएटरचा पत्रा, फ्रिज किंवा चकचकीत फॉइल आली तर लहरी अडतात. खात्री करायची असेल तर हेड काढून हबच्या खोलीत न्या. तिथे संपर्क लगेच झाला तर हेड ठीक आहे, अंतराची अडचण आहे. झिगबीमध्ये मधल्या खोलीत सतत चालू राहणारा झिगबीचाच स्मार्ट प्लग लावला की बहुधा भागतं.

घरात नवा राउटर आला किंवा वायफायचा पासवर्ड बदलला का, हेही विचारा. सामायिक घरात हे कोणी सांगत नाही आणि हब बिचारा जुन्याच नावाच्या शोधात राहतो.

रीसेट करण्याआधी

लहान मुलांसाठीचं कुलूप, सुट्टीचा मोड आणि बर्फाचं चिन्ह बघून घ्या. बर्फाचं चिन्ह म्हणजे पाणी गोठू नये एवढंच, साधारण ५ ते ७ अंश. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. अ‍ॅपशिवाय चालणारं हेड ते करेलच असं नाही, मग सकाळची ऊब तासभर चुकीच्या वेळी येते. फॅक्टरी रीसेट केल्यावर वेळापत्रक पुसलं जातं आणि हबशी जोडणी नव्याने करावी लागते. म्हणून रीसेट अगदी शेवटी, तेही अ‍ॅपमधली सेटिंगं लिहून घेतल्यावर.

घरमालकाला कळवताना

भाड्याच्या घरात स्वतःचं हेड लावलं असेल तर जुनं काढलेलं हेड खोलीचं नाव लिहून पिशवीत जपून ठेवा. घर सोडताना तेच परत बसवावं लागतं.

आणि 'हीटिंग चालत नाही' एवढाच निरोप पाठवू नका. त्यावर उत्तर यायला आठवडा लागतो. कोणती खोली, बाकीचे रेडिएटर गरम आहेत का, हेड काढून अर्धा तास ठेवल्यावर काय झालं, पिन किती हलते, सेल कधी बदलले, हे पाच मुद्दे लिहा. सोबत पिनेचा फोटो आणि मोटरचा आवाज ऐकू येईल असा छोटा व्हिडिओ जोडा. प्लंबर पहिल्याच फेरीत योग्य सुटा भाग घेऊन येतो.